फाइल चार्ज कोणाचा? समोरच्याचा दावा आणि आपला वाटा



गाडी ठोकली आणि विम्यातून दुरुस्त करायची म्हटली, की गॅरेजवाला आधी एक गोष्ट सांगून टाकतो : "साहेब, फाइल चार्ज हजार रुपये तुमचे." आपण देतो. गॅरेजवाल्याची फी असेल, कागद हलवायचे पैसे असतील, असं समजून देतो. पॉलिसी उघडून पाहिली तर 'फाइल चार्ज' हा शब्द तिच्यात कुठेही सापडत नाही. तिथे असतं 'कंपल्सरी डिडक्टिबल', आणि जुन्या कागदांवर 'कंपल्सरी एक्सेस'. नुकसानीतला पहिला ठरावीक हिस्सा मालकाने स्वतः सोसायचा आणि त्यावरचं कंपनीने द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पंधराशे सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला १,००० रुपये, त्याहून मोठीला २,००० आणि दुचाकीला १००. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये हेच आकडे निम्मे होते, म्हणजे ५००, १,००० आणि ५०.

हे झालं आपल्या गाडीच्या नुकसानीचं. पण आपण दुसऱ्याला ठोकलं आणि तो आपल्यावर दावा घेऊन आला, तर? त्याच्या भरपाईतून हा हिस्सा कापला जातो का? कापला गेला तर तेवढे पैसे त्या बिचाऱ्याने कुणाच्या दारात जाऊन मागायचे?

आपल्याकडे कायद्याचं उत्तर 'कापला जात नाही' असं आहे. पण ते पूर्वीपासून तसं नव्हतं. ते कसं तयार झालं, आणि त्यात मालकाच्या खिशाला खरी कात्री कुठे लागते, हा आजचा विषय. इतिहास कायद्याचा आहे, त्यामुळे कलमांचे आकडे येतील. घाबरू नका, लक्षात ठेवायचे फार थोडे आहेत.

विषय समजायला एक जागा डोळ्यासमोर असलेली बरी. मी कोलाड घेतो.

कोलाड म्हटलं की हल्ली लोकांना राफ्टिंग आठवतं. भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं, कुंडलिका भरून वाहते आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. विम्याच्या अंगाने पाहणाऱ्याला मात्र कोलाड म्हणजे नाका. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबर आणि आताचा ६६, आंबेवाडीच्या बाजारातून जातो. रोह्याकडचा रस्ता तिथेच मिळतो, आणि सुतारवाडी-विळ्यावरून ताम्हिणीकडे जाणाराही. धाटावच्या कारखान्यांचे टँकर, गावी निघालेले चाकरमानी, एसटी, रिक्षा, सगळे एका ठिकाणी. वर थोडं गेलं की सुकेळी खिंड. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला, पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून गोव्याला न्यायची रो-रो सेवा सुरू केली, ती कोलाड ते वेर्णा. २०२५ च्या गणपतीत खाजगी मोटारींसाठीही तशी गाडी सोडली. थोडक्यात, हे असं गाव आहे की इथल्या रस्त्यावर कमी गाड्या आल्या तर सगळ्यांचंच भलं.

आता समजा, गणपतीचे दिवस जवळ आलेत. पेणहून मूर्ती भरलेला एक टेम्पो माणगावकडे चाललाय. नाक्यावर त्याने ब्रेक मारला आणि मागून तुमची मोटार जाऊन आदळली. अंतर ठेवलं नव्हतं, चूक तुमची. तुमचा बंपर, बोनेट, रेडिएटर गेला. टेम्पोचा फाळका आणि मागचा सांगाडा वाकला. ड्रायव्हरचा हात मोडला. आणि आतल्या मूर्ती. ज्याने पेणच्या कारखान्यातून मूर्ती आणली आहे त्याला माहीत आहे, बोटाचा टवका उडाला तरी ती मूर्ती कोणी घरात घेत नाही.

पैशाचे चार हिशेब झाले : तुमची गाडी, ड्रायव्हरचा हात, टेम्पो आणि मूर्ती. हे चार वेगळे ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचंय.

एक्सेसची कल्पना रस्त्यावर जन्मलेली नाही, ती समुद्रावरची. ही कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, शेजारी चौल. एके काळचं मोठं बंदर. अशा बंदरांतून गलबतं जायची तेव्हा माल थोडाफार भिजायचा, सांडायचा, कुजायचा. लंडनच्या लॉइड्समध्ये १७४९ साली सागरी पॉलिसीच्या तळाशी एक टीप घालायला सुरुवात झाली. धान्य, मासे, मीठ, फळं, पीठ, बियाणं या जिनसांचं किरकोळ नुकसान साधारणपणे मिळणार नाही. साखर, तंबाखू, कातडी यांचं पाच टक्क्यांखालचं मिळणार नाही. बाकी मालाचं तीन टक्क्यांखालचं नाही. कारण उघड आहे. रोजच्या सांडलवंडीचे हिशेब करत बसलं तर हिशेबाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त.

पण यात एक गंमत होती. रेघ एकदा ओलांडली की सगळं नुकसान मिळायचं, पहिल्या रुपयापासून. चार टक्के साखर भिजली तर शून्य आणि सहा टक्के भिजली तर पूर्ण सहा. मग ज्याची साडेचार टक्के भिजली आहे त्याने काय प्रार्थना केली असेल, कल्पना करा. या पद्धतीला फ्रँचाइज म्हणतात. हीच खोच काढून टाकण्यासाठी दुसरी पद्धत आली. नुकसान कितीही असो, पहिला हिस्सा प्रत्येक वेळी मालकाचाच. तो एक्सेस. मोटार विम्याने उचलला तो हाच.

समुद्रावरच्या त्या करारात माणसं दोनच होती, विमा घेणारा आणि विमा देणारा. पहिला हिस्सा कुणी सोसायचा हे त्या दोघांनी ठरवलं, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. (आपल्याकडे लोक 'फर्स्ट पार्टी इन्शुरन्स काढलाय' म्हणतात ते इथूनच आलं. पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी. तिसरा म्हणजे जगातला बाकीचा प्रत्येक माणूस.) रस्त्यावर मोटार आल्यावर हा तिसरा माणूस चित्रात आला. त्याने कुठल्याही करारावर सही केलेली नव्हती. त्याला फक्त धडक बसली होती.

त्याची अवस्था काय होती ते इंग्लंडमधल्या एका खटल्यावरून कळतं. हॅरिंग्टन मोटर कंपनीच्या गाडीने एक माणूस जखमी झाला. त्याने दावा लावला, जिंकलाही. तोपर्यंत हॅरिंग्टन कंपनी बुडालेली होती. तिचा विमा होता, विमा कंपनीने पैसेही दिले, पण दिले ते बुडालेल्या कंपनीच्या लिक्विडेटरकडे. करार त्या दोघांत होता ना! ते पैसे सगळ्या घेणेकऱ्यांच्या सामायिक गंगाजळीत पडले. ज्याच्या जखमेपायी ते आले होते तो माणूस बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. १९२८ च्या निकालपत्रांत हा खटला आहे. न्यायालयाने सांगितलं ते कायद्याला धरूनच होतं, म्हणून तर कायदा बदलावा लागला. १९३० मध्ये तिथे दोन कायदे झाले. एकाने तिसऱ्या माणसाला विमा कंपनीकडे थेट हक्क दिला आणि दुसऱ्याने, रोड ट्रॅफिक ॲक्टने, तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा केला.

आपल्याकडे तोवर मोटारी होत्या, विमा कंपन्याही होत्या. सर्व प्रकारचा सामान्य विमा करणारी इंडियन मर्कंटाइल ही कंपनी १९०७ ची, मुंबईची. दोराबजी टाटांची न्यू इंडिया १९१९ ची. पण विमा काढणं ऐच्छिक होतं. १९३६-३७ मध्ये मोटार विमा समिती बसली, तिच्यामागून १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात तिसऱ्या माणसाचा विमा सक्तीचा झाला. मध्ये महायुद्ध आलं. कायदा एकोणचाळीसचा, पण हे प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं ते १ जुलै १९४६ ला.

त्या प्रकरणातलं एकच कलम लक्षात ठेवा, शहाण्णव. ते सांगतं, मालकाविरुद्ध हुकूमनामा झाला की विमा कंपनीने ती रक्कम द्यायची, जणू हुकूमनामा तिच्यावरच झाला आहे. मालकाने अट मोडली असेल, कंपनीला पॉलिसी रद्द करण्याचा हक्क असेल, तरी ठरावीक थोडे बचाव सोडले तर जखमी माणसाला ते सांगायचं नाही. आधी द्या, मग मालकाशी काय भांडायचं ते भांडा. आजच्या पॉलिसीतही याची सावली आहे. 'काही अटी न टिकणे आणि वसुलीचा हक्क' अशा अर्थाचं एक कलम तिच्यात असतं. कायद्यामुळे कंपनीला द्यावं लागलं, पण एरवी द्यावं लागलं नसतं, असं जे काही असेल ते मालकाने कंपनीला परत करायचं, असं ते सांगतं. बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं. अक्षरही तसं बारीक.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचं मूळ उत्तर इथे पडलं. मालकाचा वाटा काय असेल तो मालक आणि कंपनी यांच्या आपसातला. टेम्पोवाल्याला त्यात ओढायचं नाही.

पण हक्क मिळाला तरी तो मागायचा कुठे? दिवाणी न्यायालयात, दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला आधी फी भरा म्हणून सांगायचं. हे बदललं १९५६ मध्ये. ते वर्ष आपल्या भागाच्या दृष्टीने मोठं गमतीचं आहे. १९ जानेवारी १९५६ ला संध्याकाळी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली. ती करणारे अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नात्याचा, घर रोह्याचं. कोलाडच्या शेजारचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एलआयसी उभी राहिली. आयुर्विमा सरकारकडे आला, मोटारीचा विमा मात्र खाजगी कंपन्यांकडेच राहिला. देशमुख जुलैतच मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले, तो भाग आपल्याला ठाऊक आहे. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने, फारसा गाजावाजा न होता, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं स्थापन करण्याची सोय केली. साधा अर्ज, सुटसुटीत चौकशी. आपल्या जिल्ह्याचं हे काम अलिबागला आणि आता माणगावलाही चालतं. कोर्टात त्याला कोणी न्यायाधिकरण म्हणत नाही, 'एमएसीटीची तारीख आहे' असंच म्हणतात.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. ब्रिटिश इंडिया जनरल इन्शुरन्स विरुद्ध कॅप्टन इतबार सिंग या खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की कंपनीला कुठले कुठले बचाव घेता येतील. न्यायालयाने सांगितलं, कायद्याने दिलेत तेवढेच. बाकीचे नाहीत. निकाल कोरडा आहे, वाचायला मजा येत नाही, पण त्याचा परिणाम नाक्यानाक्यावर झाला.

मोटार विमा सरकारकडे यायला पुढे पंधरा वर्षं लागली. १३ मे १९७१ ला सामान्य विमा कंपन्यांचं व्यवस्थापन सरकारने घेतलं आणि १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या : मुंबईची न्यू इंडिया, कलकत्त्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, मद्रासची युनायटेड इंडिया.

आता हिशेबाची दुसरी बाजू. एक्सेस म्हणजे नुकसानीचा तळ, खालचा हिस्सा. पण विम्याला छतही असतं. कंपनी अमुक रकमेपर्यंतच देईल, त्यावरचं मालकाचं. तिसऱ्या माणसाच्या दाव्यात तळ काढून टाकला, पण छत बरीच वर्षं राहिलं, आणि ते फार खाली होतं.

१९३९ च्या कायद्यात खाजगी मोटारीने माणूस मेला किंवा जखमी झाला तर कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा नव्हती. जेवढी मालकाची तेवढी कंपनीची. मालवाहू ट्रकला मात्र मर्यादा होती, २०,००० रुपये. ती १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० झाली आणि १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख. याचा अर्थ असा, की सत्तरच्या दशकात खिंडीत ट्रकने कुणाला उडवलं आणि न्यायाधिकरणाने ऐंशी हजार दिले, तर पन्नास कंपनीचे आणि तीस ट्रकमालकाचे. आणि ट्रकमालक म्हणजे कोण? अनेकदा कर्जावर घेतलेल्या एका गाडीचा धनी. तीस हजारांसाठी विधवा त्याच्या मागे आणि तो फायनान्सवाल्याच्या पुढे. तिसऱ्या माणसाच्या दाव्यात मालकाचा खरा वाटा तो होता, आणि तो हजार-पाचशेचा नव्हता. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, त्याने माणसाच्या मृत्यू-जखमेसाठीचं हे छत सगळ्याच गाड्यांसाठी काढलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

मालमत्तेचं तसं झालं नाही. तिसऱ्याच्या मालमत्तेचा विमा सक्तीचा झाला तोच १९६९ च्या दुरुस्तीने, आणि मर्यादा होती २,००० रुपये. १९८२ ला ती ६,००० झाली. १९८८ च्या कायद्याने तोच ६,००० चा आकडा पुढे चालवला. सहा हजारांत त्या काळीही टेम्पोचं काय काय झालं असतं, ते टेम्पोवाल्यांना विचारा.

यावर उपाय टॅरिफमध्ये आला. कायद्याच्या पलीकडे जाऊन पॉलिसीतच मालमत्तेची मर्यादा वाढवली, खाजगी आणि व्यापारी गाड्यांना साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. पण सोबत एक पर्यायही ठेवला. मालकाला हवं तर त्याने ही मर्यादा पुन्हा ६,००० वर आणावी. त्याबद्दल खाजगी मोटारीला सूट मिळते. किती? वर्षाला १०० रुपये.

आता आपल्या नाक्यावर परत येऊ. आकडे मी मनाने घेतोय, हिशेब समजावा म्हणून.

तुमच्या गाडीचं बिल समजा ४०,०००. प्लास्टिकच्या भागांचा घसारा वगैरे क्षणभर बाजूला ठेवू. गाडी पंधराशे सीसीच्या आतली, तर १,००० तुमचे. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही ५,००० चा ऐच्छिक एक्सेस घेतला असेल, तर तो सक्तीच्या जोडीला येतो, त्याच्याऐवजी नाही. म्हणजे ६,००० तुमचे. 'बंपर टू बंपर' पॉलिसी असली तरी हा हिस्सा सुटत नाही. ती घसारा माफ करते, एक्सेस नाही. शिवाय या दाव्यामुळे नो क्लेम बोनस गेला.

ड्रायव्हरचा हात : औषधोपचार, बुडालेली मजुरी, अपंगत्व राहिलं तर त्याची भरपाई. न्यायाधिकरण ठरवेल ते सगळं तुमची कंपनी देईल. छत नाही. एक्सेसही नाही, कारण सक्तीचा असो वा ऐच्छिक, तो पॉलिसीच्या पहिल्या विभागाचा, स्वतःच्या गाडीचा आहे. तिसऱ्याची जबाबदारी दुसऱ्या विभागात येते. आणि नुसता तिसऱ्याचा दावा आला म्हणून नो क्लेम बोनसही जात नाही. तो बोनस स्वतःच्या गाडीच्या दाव्याशी बांधलेला आहे. हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. बोनस जाईल या भीतीने ते कंपनीला कळवतच नाहीत.

टेम्पोची दुरुस्ती ८०,००० आणि मूर्ती १,४०,०००. एकूण दोन लाख वीस हजार. साडेसात लाखांची मर्यादा असेल तर सगळे कंपनी देईल, तुमचा वाटा शून्य. आणि तुम्ही, किंवा तुमच्या वतीने प्रीमियम 'कमी करून देणाऱ्या' कुणी, ती शंभर रुपयांची सूट घेतलेली असेल, तर कंपनीचे सहा हजार आणि तुमचे दोन लाख चौदा हजार. पॉलिसीच्या कागदावर 'टीपीपीडी' अशी एक ओळ असते. घरी गेल्यावर तेवढी पाहा.

आणखी एक ठिकाण आहे जिथे मालकाचा वाटा अचानक शंभर टक्के होतो. समजा, गाडी तुम्ही चालवत नव्हता. भाच्याला दिली होती आणि त्याच्याकडे परवाना नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी २००४ मध्ये हा प्रश्न सविस्तर सोडवला. परवाना नाही किंवा खोटा आहे एवढं दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने निष्काळजीपणाने अट मोडली हे तिने सिद्ध करायला हवं. आणि तसं सिद्ध झालं तरी जखमी माणसाला कंपनीने आधी पैसे देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. मग कंपनीने ते मालकाकडून वसूल करायचे. कोर्टाच्या भाषेत 'पे अँड रिकव्हर'. शहाण्णव कलमातला जुनाच विचार, फक्त वसुलीला आता दात आले. सातबारावर बोजा चढेपर्यंत हे प्रकरण जाऊ शकतं.

परवान्याबाबत टेम्पोवाल्यांना मोठा दिलासा मिळाला तो ६ नोव्हेंबर २०२४ ला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. तोवर या एका मुद्द्यावर कंपन्यांनी किती दावे लढवले असतील!

आता उलट बाजू, आणि इथे मला व्यवस्थेबद्दल तक्रार आहे. समजा, चूक तुमची नव्हती. तुम्ही थांबला होता आणि टेम्पो मागून आला. न्यायाने पाहिलं तर तुमचा सगळा खर्च टेम्पोच्या कंपनीने द्यायला हवा, हजार रुपयांसकट. व्यवहारात काय होतं? तुम्ही तुमच्याच कंपनीकडे जाता, कारण ती महिन्याभरात गाडी दुरुस्त करून देते. एक्सेस भरता, बोनस घालवता. कंपन्यांच्या आपसात 'नॉक फॉर नॉक' नावाची समजूत असते, ज्याने त्याने आपापल्या गिऱ्हाइकाचं पाहायचं, एकमेकांच्या मागे लागायचं नाही. कंपन्यांचा कागद वाचतो. तुमचे हजार आणि बोनस मात्र ज्याच्या चुकीने गेले त्याच्याकडून मिळवायचे तर न्यायाधिकरणात जायला हवं, आणि दोन-तीन हजारांसाठी अलिबागच्या चकरा कोण मारतो? म्हणजे तिसरा माणूस जखमी झाला तर कायदा त्याच्या बाजूला खंबीर उभा आहे, आणि त्याचा नुसता बंपर गेला तर त्याने स्वतःच सोसायचं.

परदेशात हे वेगळं आहे का? ज्यांची मुलं मेलबर्न-सिडनीला आहेत त्यांना अनुभव असेल. तिथे आपल्या चुकीने दुसऱ्याची गाडी ठोकली तर समोरच्याला पूर्ण भरपाई मिळते, पण आपली कंपनी आपल्याकडून एक्सेस मागते, आपल्या गाडीला ओरखडा नसला तरी. चालवणारा तरुण असेल तर जास्त. इंग्लंडमध्ये साधारणपणे आपल्यासारखंच, एक्सेस स्वतःच्या गाडीपुरता. तीनही ठिकाणी एक गोष्ट सारखी : वाटा कुणाचा हे ठरेपर्यंत समोरच्याला थांबवून ठेवायचं नाही.

आणि या सगळ्याच्या आधी असते ती मांडवली. ती कुठल्याच कायद्यात नाही, पण नाक्यावरचे बरेचसे अपघात तिथेच मिटतात. गर्दी जमते, एक जण मध्यस्थ होतो, 'पाच हजारांत मिटवा'. किरकोळ चेपलेल्या फाळक्यापुरतं ते शहाणपणाचंच आहे. एक्सेस आणि बोनसचा हिशेब केला तर कंपनीकडे जाणं परवडत नाही. पण माणसाला लागलं असेल तर मांडवली करू नका. पॉलिसीची स्पष्ट अट आहे, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. आणि ज्याने पाच हजार घेतले त्याचा हात पुढे वाकडाच राहिला तर त्याला दाव्याचा हक्क उरतोच.

मुदतीचं तेवढं सांगतो. १९९४ पर्यंत अपघात जिथे झाला तिथल्याच न्यायाधिकरणात जावं लागे. कोलाडला ठोकर बसलेल्या लालबागच्या कुटुंबाला अलिबाग गाठावं लागायचं. १४ नोव्हेंबर १९९४ पासून राहत्या ठिकाणी अर्ज करता येऊ लागला आणि अर्जाची मुदतही काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तिच्याविरुद्ध याचिकाही झाल्या. त्याच दिवसापासून नवे नियमही आले. माणूस जखमी झालेल्या अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. म्हणजे टेम्पोवाल्याने काही केलं नाही तरी कागद चालू लागलेला असतो. तुमच्या घरी समन्स आलं की वकील शोधण्याआधी ते कंपनीला पाठवा, त्याच दिवशी, आणि पोच घ्या. पॉलिसीच्या अटींमधली पहिली अट तीच आहे.

बरं, आता प्रश्न असतील ते घेऊ.